चौथा स्लॉट

अलेक्झांड्रियातल्या आमच्या इस्पितळाच्या सर्व्हरवर आठवडाभर एकच सूचना येत होती: चौथ्या स्लॉटमधल्या रॅमकडून चूक झाली, आपोआप दुरुस्त केली. काम अडत नव्हतं, पण अशा चुका वाढत गेल्या की एक दिवस मशीनच बसतं.

"फेकून दे ती रॅम," मी शाहिनाझवर खेकसलो. ती माझी मदतनीस; मला 'बाशमुहंदिस', म्हणजे इंजिनिअरसाहेब म्हणते. मी मागे उभा राहिलो की तिच्या हातून चुका होतात.

"बाशमुहंदिस, आधी शेजारच्या स्लॉटमधल्या रॅमशी अदलाबदल करून बघू? चूक हिच्यामागे गेली तर ही खराब. चौथ्यातच राहिली, तर बिचारीला कशाला शिक्षा?"

"कर बाई. इंजिनिअर तूच, मी चहावाला."

दुसऱ्या दिवशी ती रॅम नव्या जागी मुकाट काम करत होती. आणि चौथ्या स्लॉटमध्ये गेलेली चांगली रॅम चुकायला लागली होती.

"सुटली बिचारी!" शाहिनाझ हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

मीही हसलो असतो, पण माझ्या खणात तिची गोदामात बदली करण्याचं पत्र होतं. कारण: वारंवार चुका. सही तेवढी राहिली होती. तिच्याआधी वग्दी आणि इनास याच खुर्चीतून, याच कारणाने गेले. वग्दी आता तांता शहरात अख्खी सर्व्हर रूम सांभाळतो. इनासच्या हाताखाली सहा माणसं आहेत.

मी पत्र बाहेर काढलं आणि तिच्या नावाच्या जागी माझं लिहिलं. कारण बदलावं लागलं नाही.