भोंग्यावर आबाजी

कमळाकरची अर्धीच दाढी झाली होती, तेवढ्यात नदीपल्याडच्या विहारावरचा भोंगा खरखरला आणि बेंजो सुरू झाला. वस्तरा गालावरच थांबला.

दहिवलीत हा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. बेंजो पार्टीतला कुणी गेला, की जुनी टेप काढून त्याचंच वाजवणं भोंग्यावर लावायचं. वेगळा सांगावा धाडायची गरज नाही. थंडीत ढोलकी वाजली, तो सखा. आंब्याला मोहोर असताना गाणं वाजलं, तो जैतू. तेव्हापासून कमळाकरच्या जिवाला थारा नव्हता. भोंगा नुसता खोकला तरी तो जेवत्या ताटावरून उठायचा.

आणि आज बेंजो. म्हणजे आबाजी.

त्यानं खुंटीवरचा पांढरा सदरा ओढला, फळीवरची मेणबत्ती घेतली, दारातली तगर ओरबाडली.

"अवो, आर्दी दाढी घेऊन कुटं निघालाव?" त्याची बायको जानकीबाई ओरडली.

"आबा गेला!"

"कोन बोलला?"

"कान हायेत ना तुला?"

पुलावरून जायचं तर वळसा होता. तो सरळ पाण्यात उतरला, मेणबत्ती डोक्यावर धरून.

आबाजीचा बेंजो काय चीज होती, हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. त्यानं वरची पट्टी धरली की वस्तीतले दिवे मंद व्हायचे. एका लग्नात तर माथेरानच्या डोंगरावरची माकडं रांगेनं उतरून मांडवाच्या कडेला बसली होती. कमळाकरनं स्वतः मोजली होती. सतरा. आणि वीस वर्षांपूर्वी जयंतीला, ज्या रात्री ही टेप भरली गेली, त्या रात्री कुणा वात्रटानं बेंजोच्या शेवटाला अशी शिट्टी मारली, की बाबासाहेबांच्या फोटोसमोर हा आचरटपणा कुणाचा, म्हणून वडीलधारी माणसं काठ्या घेऊन उठली. शिट्टीवाल्याला शोधायला जी टोळी निघाली, तिच्यात सगळ्यात पुढं कमळाकर होता. शिट्टी त्याचीच होती.

त्या रात्री तो वाचला. मग ते सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू, वीस वर्षं गेली. आणि आता आबाच गेला. पाणी कमरेला लागलं तसा तो स्वतःलाच शिव्या देत पुढं रेटत राहिला.

विहारात ना माणसं होती, ना मेणबत्त्या. पायरीवर आबाजी बसला होता. जिवंत. मांडीवर टेपरेकॉर्डर, त्याच्या तोंडाशी माईक. चार हातांवर, पार्टीला जन्मभर चहा पाजणारी चंद्राबाई त्याच्याकडं पाठ करून बसली होती. फुलं तिच्या मुठीत चुरगळली होती.

"ये," आबाजी म्हणाला. "तू दुसरा."

कमळाकरच्या सदऱ्यातून पाणी गळत होतं.

"आर्द्या दाढीनं आलास? आर्दाच मेलोय असं वाटलं काय रं तुला?"

"आबा, लाज नाय वाटत?"

"वाटली असती तर बेंजो वाजवला असता काय?"

"मी म्हनते, आता खराच मार त्याला," चंद्राबाई पाठमोरीच बोलली. "चुलीवरचं दूध उतू घालून आले मी."

कमळाकर तणतणत पायरीपाशी गेला. हात वर उचलला आणि तसाच राहिला. आबाजीची बोटं त्यानं बऱ्याच दिवसांत जवळून पाहिली नव्हती. आल्याच्या गड्ड्यासारखी गाठीगाठींची झाली होती. त्या बोटांनी टेपचं बटण दाबायचं, तरी दोन्ही हात लावावे लागले असतील.

"कशापायी केलंस हे?"

"सख्याला जाळून आलो, तवापास्नं झोप नाय." आबाजीनं आवाज उतरवला. "त्या जयंतीला कुनीतरी शिट्टी मारली होती, याद हाय?"

कमळाकर सदऱ्याचं टोक पिळायला लागला.

"लोक काठ्या घेऊन उठले. मला वाटलं, वा रं पठ्ठ्या! त्या एका शिट्टीवर मी वीस वरसं वाजवलं, कमळ्या. खोपोलीला, पनवेलला, जितं गेलो तितल्या गर्दीत हुडकली. पुना आली नाय. म्हटलं, मेल्यावर येईल तो मानूस. पन मेल्यावर मला कसं कळनार? म्हनून आदीच मेलो."

चंद्राबाईनं मान वळवली.

"गप ऱ्हावा आता," आबाजी म्हणाला. "येतीया."

भोंग्यातला बेंजो चढत चालला होता. कमळाकरला ती जागा पाठ होती. पायाचा अंगठा आपोआप जमिनीवर ठेका धरू लागला. आणि काय होतंय ते कळायच्या आत दोन बोटं तोंडात गेली.

पुढचे दोन दात त्याचे सायकलवरून पडून गेले होते. तो मात्र सगळ्यांना सांगायचा, वाघाशी झटापट झाली.

वर भोंग्यातून शिट्टी निघाली, चाकूसारखी, आणि नदी ओलांडून गेली. खाली कमळाकरच्या तोंडातून नुसती हवा निघाली. फुस्स. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. डोळ्यांतून पाणी आलं तरी बोटं काढेना.

आबाजी वर भोंग्याकडं बघत नव्हता. कान पुढं करून तो कमळाकरच्या तोंडातली हवा ऐकत होता. गाठाळ बोटं गुडघ्यावर हळूहळू हलायला लागली होती.

"हां," तो म्हणाला. "हीच ती."