मैनाताईंच्या नावापुढचा शेरा

आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात राहनाळच्या मैनाताई दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. प्रशिक्षक म्हणून मी त्यांच्या नावापुढे शेरा लिहिला, 'बोलता येत नाही. संवाद कौशल्याचं प्रशिक्षण पुन्हा द्यावं.'

तिसऱ्या दिवशी टीबीची माहिती द्यायला मी त्यांच्याबरोबर लूमच्या कारखान्यात गेले. मी मोठ्याने सुरुवात केली, पण चाळीस लूमांच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना. कामगारांनी एकदा बघितलं आणि ते पुन्हा धाग्यांकडे वळले.

मग मैनाताई पुढे झाल्या. त्यांनी मुठीत खोकून दाखवलं, दोन आठवड्यांची दोन बोटं वर केली, अंगावर कपडे सैल झाल्याची खूण केली आणि पिशवीतून थुंकीच्या तपासणीची डबी काढून उंच धरली. लूमांच्या आडून एकेक चेहरा वर आला. कुणी बोटांनी प्रश्न विचारला, त्यांनी बोटांनीच उत्तर दिलं. मी भिंतीला टेकून बघतच राहिले. चालू शिफ्टमध्ये कुणी लूम बंद करत नाही. कोपऱ्यातल्या एका हडकुळ्या माणसाने आपला बंद केला, येऊन डबी घेतली, आणि जाताना माझ्याकडे बघत मैनाताईंना हातानेच काहीतरी विचारलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तो काय विचारत होता?"

मैनाताई संकोचल्या. "काय न्हाय, म्याडम. तुमचंच इचारत होता. या बाईंना बोलता येत न्हाय का, म्हणून."