एका बाटलीत चारशे काचा

चार वाजता काटकसरीबद्दल सत्कार, आणि सत्कारामागून संचालकाची खुर्ची. कर्करोग तपासणीच्या विभागप्रमुखांच्या जमेला त्या दिवशी एवढं होतं.

किमया साधी होती. अँटिबॉडीची बाटली महाग, ती पातळ करायचं द्रावण स्वस्त. स्तनातल्या गाठीचा तुकडा काचेवर घ्यायचा, वर अँटिबॉडी घालायची. गाठीत ते एक प्रथिन असेल तर काच तपकिरी होते आणि बाईला त्यावरचं औषध मिळतं. फिकट राहिली तर मिळत नाही. एका बाटलीत काचा व्हायच्या शंभर. साहेबांनी द्रावण वाढवून चारशे केल्या. तेव्हापासून सगळे त्यांना पाठीमागे थेंबेसाहेब म्हणत. त्यांच्या कानावर आलं, तेव्हा ते खूश झाले.

तंत्रज्ञ बाईंनी एकदा सांगून पाहिलं होतं. "साहेब, प्रथिन आहे हे आधीच माहीत असलेली काचही फिकट येतेय."

"बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

बाईंनी तपासून घेतला. नंबर तोच होता.

सत्काराच्या दिवशी सकाळी साहेब स्वतः काच घेऊन आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"आमच्या धाकट्या बहिणीची आहे."

"लावते."

साहेब हलेनात. मग दार लोटून म्हणाले, "हिला जरा घट्ट लावा."

"किती घट्ट?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बाटलीवर लिहिलंय तेवढं."

तीन वाजता बाईंनी त्यांच्या टेबलावर दोन काचा ठेवल्या. तुकडा एकाच गाठीचा. बाटलीवरच्या मापाची काच गडद तपकिरी, साहेबांच्या मापाची फिकट. साहेबांनी दोन्ही उजेडात धरल्या. तपकिरीवर सही केली.

"आणि ही, साहेब?"

"ही लावलीतच कशाला? अँटिबॉडी फुकट गेली ना."

चार वाजता टाळ्या झाल्या. सोमवारी बहिणीचं औषध सुरू झालं. वर्षभरात बाटल्या वाचल्या नऊ. अकराशे साठ बायकांना 'औषध लागू नाही' असा कागद मिळाला होता, आणि एवढा मोठा खर्च टळला म्हणून त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे साहेबांचे आभार मानून गेले होते.