खोडरबर

"हे बघ, हत्यार!" बळवंतने मोबाइल मथुराच्या नाकासमोर धरला. "उशीखाली. मी शोधून काढलं. सकाळपासून सातशे लाइक."

मथुरा कोलंबी सोलत होती. हात पदराला पुसून तिने चष्मा चढवला. आधी गिरणी, मग वीस वर्षं वॉचमनकी केलेला तिचा नवरा सत्तरी ओलांडल्यावर डिटेक्टिव्ह झाला होता. चारकोपच्या दोन खोल्यांत दुपारी गप झोपायचं सोडून तो हरवलेल्या माणसांच्या ग्रुपवर पहारा देत बसायचा.

नऊ दिवस ग्रुपला एकच नाद लागला होता. रुचिरा नावाची सव्वीस वर्षांची पोर सहा दिवसांच्या मुलीला घेऊन मरोळच्या भाड्याच्या खोलीतून नाहीशी झाली होती. पोलिसांनी सांगून झालं होतं की बाई स्वतःहून गेली आहे, सुखरूप आहे, आणि पत्ता कुणालाही देऊ नका असं तिने लिहून दिलंय. पण चौदा हजार माणसांना ते पटेल तर ना! तिचा नवरा रोज व्हिडिओत रडत होता. आज घरमालकाने काढलेला त्या रिकाम्या खोलीचा फोटो हाती लागला आणि सगळे त्यावर तुटून पडले.

मथुराने फोटो पाहिला. कॉटवर उशी, उशीखालून डोकावणारी विळ्याची मूठ. खाली पाटावर तांदूळ, विड्याची पानं, एक कोरा कागद. कुणीकुणी लाल गोल काढून शेरे मारले होते. 'चिठ्ठी लिहायची राहिली.' 'पानं म्हणजे करणी.' कागदाजवळच्या पांढऱ्या ठिपक्याला बळवंतने स्वतः गोल केला होता. 'झोपेची गोळी.'

मथुराला हसू आवरेना. "अहो, पाचवी पुजलीय ही! हत्यार कसलं? विळा बाळंतिणीच्या उशाला ठेवतात. आणि कागद-पेन सटवाईसाठी. ती रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते. तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत कधी पाय ठेवलाय?"

बळवंत ओशाळला, पण क्षणभरच. "म्हणजे ती एकटी नव्हती! पाचवी पुजणारी कोणीतरी जाणती बाई आहे. तिनेच लपवलंय दोघींना." त्याने खालचा मेसेज मोठ्याने वाचला. सर्वेश नावाच्या कुणीतरी टाकला होता. "काका, फक्त एक धागा द्या. पंधरा बाइक तयार आहेत. मरोळची एकेक गल्ली पिंजून काढू. तिचा नवरापण येतोय सोबत."

"तो नवरा," मथुरा म्हणाली, "इतके दिवस रडतोय. बायकोचं नाव एकदा तरी घेतलं का त्याने?"

बळवंतचं लक्ष नव्हतं. तो दोन बोटांनी फोटो मोठा करत होता. "पण मग ही गोळी कसली?"

मथुराने पुन्हा पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. ती गोळी नव्हती. कोपरा झिजलेलं खोडरबर होतं. आणि कागदावर पेन नव्हतं, शिसपेन्सिल होती.

सटवाईपुढे पेन्सिल आणि खोडरबर ठेवणारी एकच बाई तिने उभ्या जन्मात पाहिली होती. लालबागच्या चाळीतली शेजारीण, शेवंती. मथुराची लेक हेमांगी झाली तेव्हा पाचवीचा पाट तिनेच मांडला होता. ओव्याची धुरी, शेगडीची ऊब, दाटीवाटीने बसलेल्या बायका, आणि शेवंती तिच्या मालवणीत सांगत होती, "पेन नको गो. चेडवाचा नशीब आसा. पेन्सिलीन लिवंदे तिका, चुकला तर खोडूक तरी येतला." सगळ्या खो खो हसल्या होत्या. शेवंतीच्या राकट हातांनी पोरीला शेकलेलं मथुराला लख्ख आठवलं. त्या दहा बाय दहाच्या खोलीत जेवढं निर्धास्त वाटलं, तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

शेवंती आता मरोळलाच राहत होती. बळवंतलाही ते ठाऊक होतं. उगाच तोंड उघडलं, असं मथुराला झालं.

"साबणाचा तुकडा असेल," ती म्हणाली. "ठेवा तो मोबाइल."

बळवंतचं बोट फोटोवर तसंच थांबलं होतं.

"हेमांगीच्या वेळी मला खाली पिटाळलं होतं बायकांनी," तो हळूच म्हणाला. "घरात पेन असताना. वाणी हसला माझ्यावर. म्हणाला, पाच दिवसांच्या पोरीला शाळेत घालताय काय?"

मथुराने कोलंबीच्या पाण्यात पुन्हा हात घातला. बळवंतने मान वर केली. समोर भिंतीवर हेमांगीच्या दुसऱ्या लग्नाचा फोटो होता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

मोबाइल सारखा वाजत होता. काका, आहात का? काका, धागा मिळाला का?

बळवंतने चष्मा सारखा केला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. मथुराने तशाच ओल्या हाताने त्याचं मनगट धरलं. "नको हो. पाया पडते."

त्याने मनगट सोडवून घेतलं, टाइप करणं पुरं केलं आणि मोबाइल तिच्यापुढे केला. सकाळची पोस्ट सातशे लाइकांसकट गेली होती. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं, 'चुकलं होतं. खोडलं.'

मग तो ग्रुपमधून बाहेर पडला, मोबाइल पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचे डबे एकेक करून उघडायला लागला. आतून त्याने शेवंतीच्या मालवणीत विचारलं,

"अळीव आसा मा गो घरात?"