तिसऱ्या वळणाचा खोकला

तिसऱ्या वळणावर गाडीला पुन्हा खोकल्याची उबळ आली. सरावाची फेरी संपवून नवरोबा गॅरेजात शिरले ते कार्ब्युरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच.

"अगं, सगळीकडे शहाण्यासारखी पळते, मग त्या एकाच वळणावर हिला काय होतं?"

"वय झालंय तिचं," बायको फडक्याला हात पुसत म्हणाली. तीस वर्षं त्यांच्या गाडीची मेकॅनिक तीच होती. शिव्या त्यांच्या, पाने-पकडी तिच्या. कार्ब्युरेटरचं झाकण उघडताना त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

ते हातपाय मोकळे करायला बाहेर गेले, तशी लेकीने झाकण काढलं. आत वाटीएवढी जागा, तिच्यात पेट्रोल, त्यावर तरंगणारा फ्लोट. पेट्रोल चांगलं दोन सूत कमी होतं.

"आई, पाण्याची वाटी हातात घेऊन गर्रकन वळलं की पाणी एका कडेला चढतं ना, तेच होतंय बघ. आधीच पेट्रोल कमी, त्यात वळणावर तेही कडेला पळतं. इंजिनाला घोटभरही मिळत नाही. पेट्रोल किती भरायचं ते ठरवणारी ही फ्लोटची पट्टी कुणीतरी वाकवलीय."

"कुणीतरी नाही. मी."

नऊ वर्षांपूर्वी त्याच वळणावर ते गाडीसकट उलटले होते. तीन महिने प्लास्टरमध्ये होते. हाडं मोडली, खोड काही मोडली नाही. सांगून उपयोग नव्हता, रडून तर त्याहून नव्हता. मग तिने पक्कड घेतली. इंजिन खोकलं की भला भला मुकाट्याने हळू होतो. तेव्हापासून ते एकही शर्यत जिंकले नव्हते, पण दर वेळी आपल्या पायांनी घरी आले होते.

"आज शेवटची शर्यत आहे त्यांची," लेक हळूच म्हणाली. "एकदा तरी जिंकू दे की बाबांना."

आईने पुन्हा पक्कड उचलली आणि पट्टी सरळ केली. आधी निम्मीच, मग पुरती.

शेवटच्या फेरीत ते दुसरे होते. पहिली गाडी जेमतेम हातभर पुढे. तिसरं वळण आलं तसं तिने लेकीचं मनगट गच्च धरलं. इंजिन खोकलं नाही. तरीही आवाज खाली उतरला, अगदी नेहमीच्या जागी. पहिली गाडी निसटून गेली.

ते दुसरेच आले. हेल्मेट काढलं तर स्वारी खुशीत.

लेक मात्र वैतागली. "बाबा, गाडी धडधाकट होती! पाय का उचललात?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"खोकली नाही, तेव्हाच कळलं की हिने पट्टी सरळ केली. म्हटलं, आता ही तिकडे श्वास रोखून उभी असेल."