सत्कारमूर्ती

चेन्नईतल्या एका छोट्या मराठी मंडळाने 'आजाराशी झुंज' या कार्यक्रमात विद्युलताताईंचा सत्कार करायचं ठरवलं. त्यांचा संधिवात गेली अकरा वर्षं गोळ्यांनी ताब्यात होता. माहिती लिहून घ्यायला मंडळाचे सचिव कृष्णकांत तांबरमला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ताई फिल्टर कॉफीबरोबर गरम मेदूवडा खात होत्या. सचिवांना ते फारसं रुचलं नाही.

"कशी झुंज दिलीत तुम्ही?" त्यांनी चेहरा पाडून विचारलं.

"झुंज कसली? सकाळी गोळी घेते, शाळेत शिकवायला जाते. रविवारी इथल्या जवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर जाऊन लाटांत पाय सोडून बसते. फार बरं वाटतं."

"पण वेदना? खूप रडला असाल ना?"

"पहिल्या वर्षी रडले. मग त्याचाही कंटाळा आला. वडा घ्या, गार होतोय."

सचिवांनी एक ओळही न लिहिता वही मिटली. वडे मात्र तीन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"ताई, गैरसमज नको, पण तुमच्या ओळखीत जरा जास्त आजारी कोणी आहे का?"