चष्म्याशिवाय एकच

भर दुपारी संकलनाच्या खोलीत ताईंनी थ्रीडी चष्मा काढून डोळे चोळले. रॉक कॉन्सर्टचं थ्रीडी चित्रण चष्म्याशिवाय पाहिलं की दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांवर चढतात. गिटारवाला, उड्या मारणारी गर्दी, सगळं दोन-दोन दिसतं. गर्दीतला एक माणूस मात्र एकच दिसत होता. तो नाचत नव्हता.

ताईंनी सहकाऱ्याला दाखवलं. प्रत्येक शॉटमधली अंतरं मोजायचं काम त्याचं, म्हणून सगळे त्याला फूटपट्टीच म्हणत.

"एकच दिसतोय म्हणजे बरोबर पडद्यावर आहे," तो म्हणाला. "मागे किंवा पुढे असता तर दोन दिसला असता."

"अरे, तो तर गर्दीच्या पार शेवटी उभा आहे."

"शूटिंगच्या वेळी असेल."

ताईंनी पुढचा शॉट लावला. आता तोही दोन दिसत होता. त्यांच्या जिवात जीव आला.

"गेला ना मागे?"

फूटपट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. "नाही ताई. डावं चित्र उजवीकडे गेलंय, उजवं डावीकडे. तो पडद्याच्या अलीकडे आलाय. चार फूट."

ताईंची खुर्ची पडद्यापासून पाच फुटांवर होती.

तिसऱ्या शॉटमध्ये तो नव्हताच.

"आता किती?"

फूटपट्टीने आपली खुर्ची हळूच ताईंपासून लांब सरकवली.